गॉलवेला आईचा विनोद नेला तेव्हा

आयर्लंडला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी आईची परवानगी घेतली. जाण्याची नव्हे, तिची नक्कल करण्याची.

गॉलवे या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावात तरुण रंगकर्मींसाठी आठवड्याभराची कार्यशाळा होती. राहणं-खाणं त्यांचं, प्रवास आपला. मी निवडीसाठी आईवरचा छोटासा एकपात्री प्रवेश पाठवला होता. आई शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, सगळं काम उभ्यानं. एकदा नव्या साहेबानं विचारलं, "मावशी, बसायला स्टूल देऊ का?" आई म्हणाली, "मला काय नको साहेब, म्या उभीच बरी. तुम्हीच बसा. दिवसभर मोबाईल उचलून दमले असाल." सगळ्या बायका हसल्या, साहेब केबिनमध्ये गेला आणि स्टूल दुसऱ्या दिवशी आलं.

माझा प्रवेश आईच्या या मोबाईलच्या वाक्यावर संपतो. मुकुंदवाडीच्या आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता आईनं तालीम घेतली. "'तुम्हीच बसा' म्हणलं की थांब जरा. त्याला वाटू दे, बाई लई गरीब हाय. मंग हाण."

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपातल्या इतर देशांचा शेंगेन व्हिसा इथं चालत नाही, आणि वेळ लागतो, म्हणून तिकिटाआधी अर्ज करा. मी मुंबईहून आखातात विमान बदलून डब्लिनला उतरले. विमानतळावरूनच गॉलवेची थेट बस मिळते. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मेंढ्या आणि इतकं हिरवं की आपल्याकडच्या उन्हाळ्यातून गेलेल्या डोळ्यांना ते खरं वाटत नाही. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट हवं. चहाची मात्र काळजी नको. आपल्यासारखाच कडक, दूध घालून, आणि नको म्हटलं तरी पुन्हा विचारतात.

जाताना दोन दिवस डब्लिनमध्ये थांबले होते. तिथं एका पबच्या वर दुपारचं नाटक पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तासाभराचा प्रयोग, तिकिटातच सूप आणि ब्रेड. शेजारी ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घातलेला माणूस सूप भुरकत होता आणि समोर नटी बापाच्या अंत्यविधीचं सांगत होती. लोक हसत होते. मीही हसले. मोठ्या थिएटरांत जुन्याच नावांची नाटकं पुन्हा पुन्हा होतात अशी तक्रार तिथंही ऐकली. बायकांची नाटकं आता दिसतात, पण त्यासाठी त्यांना भांडावं लागलं. सरकार काही कलाकारांना दर आठवड्याला ठरावीक पैसे देतं हे ऐकून मला हेवा वाटला, तर एक नट म्हणाला, "तेवढ्यात डब्लिनचं घरभाडं भागत असतं तर मी अजून आईकडे राहिलो नसतो." मी म्हटलं, मीही आईकडेच राहते. तो म्हणाला, "मग तू अर्धी आयरिश आहेसच."

गॉलवेत आमची कार्यशाळा मेव्ह नावाच्या पन्नाशीतल्या दिग्दर्शिकेनं घेतली. पहिल्या सकाळी तिनं एक खेळ दिला. आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. 'आलीस का' विचारलं तर 'आले' म्हणा, नाहीतर 'नाही आले'. "नटाला मान डोलावून सुटता येत नाही," ती म्हणाली, "क्रियापद तोंडातून काढावंच लागतं." दुपारी तिनं सांगितलं की लंडनच्या रंगमंचावर कित्येक पिढ्या आयरिश माणूस म्हणजे भोळा, बडबड्या दारुडा. "आणि ते लिहून विकणारे बरेचदा आमचेच होते. गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्यांना कळलं होतं." मी जोरजोरात मान हलवत होते. हे आपल्याकडच्या मित्रांना सांगायचंच, असं ठरवत होते.

त्याच संध्याकाळी मी माझ्या प्रवेशाच्या इंग्रजी ओळी केल्या. मी मराठीत बोलणार आणि रंगमंचाच्या वर लावलेल्या पट्टीवर त्याचं इंग्रजी दिसणार. ओळी छोट्या ठेवा, एवढीच सूचना होती. शेवटच्या वाक्यासाठी मी लिहिलं, 'मला काही नको. मी उभीच राहते.' मोबाईलचा भाग सोडून दिला. लांब होत होतं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

आठवड्याच्या शेवटी गावातल्या लोकांसाठी आमच्या प्रवेशांचे दोन प्रयोग होते, पहिला शाळेच्या जुन्या हॉलमध्ये. मी 'तुम्हीच बसा' म्हणून थांबले. त्या शांततेत कुणीतरी नाक ओढलं. पुढचं वाक्य बोलले, आणि अख्ख्या हॉलमध्ये एकच बाई खदखदून हसली. शेजारच्यांनी वळून तिच्याकडे रागानं पाहिलं.

प्रयोगानंतर ती चहाच्या टेबलापाशी आली. नाझनीन बाजी, म्हणजे नाझनीनताई, माहेर आमच्याच शहरातल्या शहागंजचं, गॉलवेच्या दवाखान्यात नर्स. मराठीचा प्रयोग आहे कळलं म्हणून ड्युटी बदलून आली होती. "तेरी अम्मी ने तो साहब को धो डाला," ती अजून हसत होती. "पर ये लोगां रो कायको रहे थे?" मी पट्टीवरची ओळ सांगितली. तिचं हसू गेलं. "मतलब मजाक तू खा गई? फकत गरिबी दिखाई?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कल ठीक कर ले, बेटा."

ठीक करायला पाचच मिनिटं लागली असती. लॅपटॉप उघडून मी पूर्ण ओळ टाईपही केली. पण उद्याच्या प्रयोगाला एका महोत्सवासाठी नाटकं निवडणारे गृहस्थ येणार होते, आणि लोक रडले होते. मी ओळ पुसून जुनी ठेवली.

दुसऱ्या प्रयोगाला नाझनीन बाजी नव्हती. आईनं हशासाठी शिकवलेल्या जागी मी थांबले, आणि तिथं लोकांनी रुमाल काढले. त्या गृहस्थांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुझ्या आईसारख्या स्त्रीला बोलता येत नाही, तू तिचा आवाज झालीस," म्हणाले आणि संहिता मागितली. मी थँक्यू म्हटलं. मेव्ह बाजूलाच उभी होती. तिला मराठी येत नाही, तरी मला तिच्याकडे पाहता आलं नाही. शेवटच्या दिवशी सगळे समुद्रकाठचे उंच कडे पाहायला गेले. तुम्ही गेलात तर नक्की जा, फोटो फार सुंदर येतात म्हणे. मी डोकं दुखतंय सांगून खोलीवर राहिले.

घरी पोचले तेव्हा आई सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होती. पिशवीत डबा टाकत तिनं विचारलं, "हसले का गं?"

'व्हय' म्हणून सुटता आलं असतं. बसची वेळ झालीच होती.

"नाय हसले," मी म्हटलं. "रडले."

"रडले? स्टुलावर?" आई थांबली. "थांबली नसशील तू नीट."

"थांबले होते. त्यांना इंग्रजीत वाचायला दिलं होतं, ते म्याच लिहिलं होतं."

"काय लिहिलं?"

मी मराठीत सांगितलं, 'मला काही नको. मी उभीच राहते.'

"अन् पुढं?"

"पुढं काय नाय."

बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. आईनं पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली आणि दारातून मागं वळून विचारलं, "मग ही कोण बाई हाय गं?"