मैनेचा माज चुकला, असे आम्ही समजत होतो

मित्रहो, आमची कुत्री मैना आत्ता शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे आणि मी पिरंगुटच्या दवाखान्याबाहेर बसून हे लिहीत आहे.

यंदा ती माजावर आलीच नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. मुळशीतल्या आमच्या शेजारीण शेवंताबाई हसून म्हणाल्या होत्या, "बरंच झालं की अण्णा! पिल्लांची कटकट न्हाई." मलाही ते पटले होते.

आज सकाळी मैनेने अन्नाला तोंड लावले नाही. नुसती पाणी पीत राहिली. तिचे पोट ताठरले होते.

सोनोग्राफी करून डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, मागच्या महिन्यात फाटकाशी कुत्रे जमत होते का?"

जमत होते. शेवंताबाई अंगणात मासळी वाळवतात. त्या वासाने कुत्रे येत असतील, असे समजून मी त्यांना काठीने हाकलत असे.

"म्हणजे माज येऊन गेला. ती चाटून स्वच्छ राहते, म्हणून तुम्हाला रक्त दिसलं नाही. आता गर्भाशयात पू झालाय, म्हणूनच ती इतकं पाणी पितेय."

ती वाचेल का, हे न सांगताच त्यांनी तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेले.

तुमच्याही कुत्रीचा माज 'चुकला' असेल, तर तिची तहान वाढली आहे का, हे आजच पाहाल का?

आतले दार अजून उघडलेले नाही.