भिंतीपलीकडची खुशाली

यल्लव्वाच्या जिभेला हाड नाही, असं शाहूवाडीकडची तिची अख्खी वाडी म्हणते. पण एकदा या बाईनं नको तेव्हा तोंडाला कुलूप घातलं, आणि तिथंच घात झाला.

तिची धाकटी जाऊ शालूबाई भिंतीपलीकडं राहते. मोरीच्या पाण्यावरून दोघींचं असं फाटलं, की यल्लव्वाच्या नवऱ्यानं, धोंडीरामानं, अंगणात मधोमध भिंतच घातली. आयांची ही तऱ्हा, आणि पोरं मात्र एका ताटात जेवणारी! यल्लव्वाचा प्रसेनजीत आणि शालूबाईचा राजरत्न एकाच पलटणीतून शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेले होते, तिथल्या भावाभावांच्या लढाईत मधे उभं राहायला.

एक दिवस टीव्हीवर बातमी आली, छावणीजवळ गोळीबार झाला. दुपारी यल्लव्वाच्या फोनवर प्रसेनजीतनं लिहिलं:

"आई, जयभीम. आमी दोघंबी धड हाय. हितं भाऊच भावाचं घर जाळतोय, बघवत न्हाय. फोन चार्ज करायची मारामार, म्हणून आमी पाळी लावलीया. आज मी लिवतोय, म्होरल्या टायमाला राजरत्न काकीला लिवंल. काकीला लगीच सांग, तिचा जीव लई भित्रा हाय."

यल्लव्वानं डोळ्यांना पदर लावला. पलीकडं शालूबाई हुंदके देत होती, इथवर ऐकू येत होतं. 'रड की! माझ्या दारात मोरी सोडताना लई त्वांड चालत हुतं,' असं मनात म्हणत ती भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकरी तिला गोड लागली. खोटं कशाला बोला!

दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरून ओरडली, "गप की गं आता! मेला न्हाय तुझा. कालच कळलंय मला."

शालूबाईचं रडू थांबलं. "कालच?" एवढंच ती म्हणाली.

महिना उलटला. पुन्हा बातमी आली, या खेपेला जवान जखमी झाल्याची. यल्लव्वा फोन हातात धरून बसली. फोन काही वाजेना. मग तिला ती पाळी आठवली, या खेपेला राजरत्नची.

ती भिंतीशी धावली. पलीकडं शालूबाई भांडी घासत होती. डोळे कोरडे, हात शांत. म्हणजे राजरत्नचं लिहिलेलं आलं होतं.

"शालू," दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं जावेचं नाव घेतलं, "माझा प्रसेनजीत गं?"

शालूबाईनं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. मग पुढचा तांब्या घासायला घेतला.

"सांगीन की उद्या," ती म्हणाली.