नोंद न झालेली शिंक

जलतरण तलावामागच्या खोलीत एकतीस वर्षं पोहणाऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या बाईंना सगळे सुईमावशी म्हणत. हात इतका हलका, की मुलं विचारत, "मावशी, टोचलंत की अजून टोचायचंय?"

दर वर्षी मोठ्या शर्यतींआधी संघ तीन आठवडे उंच डोंगरावर सरावाला जाई. तिथल्या विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं आणि खाली आल्यावर त्या पोहताना कामी येतात. मात्र पेशी बनायला अंगात लोहाचा साठा लागतो. तो मावशी आधी तपासत. सर्दी-तापात हा आकडा उगाच फुगतो, म्हणून आजारी माणसाचा नमुना घ्यायचा नाही आणि नमुन्याशिवाय कुणाला वर पाठवायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम.

या वर्षी परतलेल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. फक्त लांब पल्ला पोहणाऱ्या, सगळे मासोळी म्हणत त्या मुलीचं होतं तिथेच राहिलं.

"झोपा काढल्या असतील बाईसाहेबांनी," प्रशिक्षक सर अहवाल टेबलावर आपटत म्हणाले. "उद्या संघाची यादी जाते. हिचं नाव कापतो."

"ती आणि झोपा? तलावाचं कुलूप निघायच्या आधी दारात उभी असते ती!" मावशी म्हणाल्या.

"मग तुमचं मशीन खोटं बोलतंय का?"

सर गेल्यावर मावशींनी रजिस्टर उघडलं. जाण्याआधीचा लोहसाठा भरपूर. शेऱ्याचा रकाना कोरा. आणि मग त्यांना ती शिंक आठवली. सुई टोचतानाच मासोळी शिंकली होती. "नाकात पाणी गेलं हो," असं ती म्हणाली, आणि दाढ ठणकत असल्यामुळे दवाखाना गाठायच्या घाईत मावशींनी ते मानून घेतलं.

त्यांनी मासोळीला बोलावून पुन्हा रक्त घेतलं. लोहाचा साठा तळाला गेलेला.

"तेव्हा सर्दी होती ना?"

मासोळीनं मान डोलावली. "सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं असतंत?"

"नसतं."

"म्हणून नाही सांगितलं."

मावशी बराच वेळ नळ्या पुसत बसल्या. पोरीनं थाप मारली हे खरं. पण शिंक ऐकायला कान त्यांचेच होते.

संध्याकाळी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "पोरीनं कसूर केली नाही. अंगात लोहच नव्हतं, पेशी कशाच्या बनणार? सर्दीत नमुना घेतला मी. चूक माझी."

सरांनी अहवाल पुन्हा उचलला. "एकतीस वर्षांत पहिली चूक, मावशी."

"पहिली सापडलेली."

सरांना हसू आवरलं नाही. त्यांनी यादी पुढे ओढली. "या शर्यतीत उतरवणार नाही. पण संघात राहू दे. साठा भरला की पुढच्या तुकडीबरोबर वर पाठवू."

मावशींनी कोऱ्या रकान्यात लाल शाईनं 'सर्दी' लिहून आजची तारीख घातली, सही केली. दारात मासोळी घुटमळत होती.

"मावशी, सरांना माझं सांगितलंत?"

"लोहाची गोळी उपाशीपोटी घ्यायची," मावशी म्हणाल्या. "आणि यापुढे शिंक आली की मोठ्यानं शिंकायचं."