कपाटासाठी तीन एचपी

आमच्या तापीकाठी माणसाचं नाव-गाव विचारून झालं की तिसरा प्रश्न त्याच्या विहिरीवरच्या मोटरीचा असतो. पाच एचपी की साडेसात? मुलीसाठी स्थळ बघायला गेलेली माणसंही चहा पिता पिता तेवढं काढून घेतात. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण वाढलो शेतकऱ्याच्या घरात. त्यामुळे घरी फवाऱ्याने रंग मारण्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्याही तोंडी पहिला प्रश्न तोच आला.

रंगवायचं होतं एक लोखंडी कपाट. आमच्या लग्नात बायकोच्या वडिलांनी दिलेलं. आमच्याकडे लग्नात दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव घालतात, भांड्यावर कोरून आणि कपाटावर रंगाने. सासऱ्यांनी त्या आकाशी कपाटाच्या दारावर, उभं राहिल्यावर नेमकं डोळ्यांसमोर येईल असं, लाल अक्षरांत आपलं नाव आणि त्याखाली 'लाडक्या लेकीस सप्रेम भेट' असं पेंटरकडून लिहून घेतलं होतं.

पंधराएक वर्षांपूर्वी कपाटाला खालून गंज धरला. बायको तेव्हा आखाजीला माहेरी गेली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. ती तिकडे झोक्यावर बसलेली असताना इकडे मी तिला खूश करायचा घाट घातला. खिडक्यांना दिलेला हिरवा ऑइलपेंट उरला होता. तोच घेतला, चार बोटांचा ब्रश घेतला आणि एका दुपारी अख्खं कपाट हिरवंगार करून टाकलं, नावासकट. वर ब्रशचे केस चिकटलेले, ओघळ आलेले. ती आली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"मन्हा बापनं नाव कोठे गयं?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी कपाटावर जुन्या साडीचा पडदा आला. खिडकीला पडदा असतो, दाराला असतो, पण कपाटाला पडदा असलेलं घर अख्ख्या प्रकाशा गावात आमचंच. कोणी विचारलं की ती म्हणायची, "धूळ बसस."

दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की पडदा सरकवून कपडे काढताना ती दाराच्या त्या जागेवर क्षणभर हात ठेवते. मला फार वाईट वाटायचं. एवढी वर्षं मी तिची साधी माफीही मागितली नव्हती. ब्रशने केलेली घाण फवाऱ्यानेच निस्तरायची, असं मी ठरवलं. कपाट पूर्वीसारखं आकाशी करायचं आणि त्यावर कोणाकडून तरी नाव पुन्हा लिहून घ्यायचं.

"ऱ्हाऊ द्या. आखो काय तरी करी ठेवशात," ती म्हणाली. फारच मागे लागलो तेव्हा एका अटीवर तयार झाली. "कपाट घरना बाहेर जावाव नही." माहेरची वस्तू एकदा उंबऱ्याच्या आत आली की ती परत बाहेर काढायची नाही, हे तिचं म्हणणं. म्हणजे शहाद्याच्या गॅरेजमध्ये नेऊन रंगवायचा मार्ग बंद. म्हणून तर कॉम्प्रेसर घरी आणायची वेळ आली.

सल्ला विचारला धाकट्या चुलतभावाला. त्याची पपई आहे, केळी आहे, आणि यंत्रातलं आपल्यालाच कळतं असा त्याचा पक्का समज आहे.

"दादा, लेवानंच शे ते तीन एचपीना ल्या. कमीना लिशात ते मांगून पस्तावशात."

मला पटलं. दुकानदार "कुठे लावणार?" असं विचारत होता. पण आम्ही दोघं मोटरीवरची पाटी वाचण्यात इतके गुंग, की त्याच्याकडे कोण बघतो! भावाच्या पिकअपमधून कॉम्प्रेसर वाजतगाजत घरी आला. गल्लीतल्या दोघांनी कौतुकाने "किती एचपी?" विचारलं, आम्ही ऐटीत सांगितलं. मग वायर सोडवून भाऊ बटनाच्या बोर्डाकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. मशीन तीन फेजचं होतं. तीन फेजची वीज आमच्या मळ्यात, विहिरीवर. घरात एकच. हे मला गेली चाळीस वर्षं माहीत होतं.

भाऊ डगमगला नाही. "काही बात नही. कपाटच मळामा ली चला. लाइन ऊनी का रंग मारी टाकूत."

एरवी मीही हसलो असतो, पण तेव्हा मी खरोखरच कपाटाचं एक टोक धरलं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली. "कपाट घरना बाहेर जावाव नही. ते मशीन जाऊ द्या." आम्ही मुकाट्याने मशीन पुन्हा पिकअपमध्ये चढवलं.

मग मला शहाणपण सुचलं आणि मी शहाद्याच्या त्या गॅरेजमधल्या चाचांकडे गेलो. चाचा हयातभर ट्रॉल्या आणि जीपा रंगवत आलेले. हात इतका सरळ की त्यांनी मारलेल्या पट्ट्यावर पट्टी ठेवून बघावी. माझी कर्मकहाणी ऐकून ते हसून हसून खोकायला लागले.

"सर, तुम्हले विहिरनं पानी काढनं शे का कपाट रंगाडनं शे?"

मग त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून समजावलं. फवारा नुसत्या मोटरीवर चालत नाही, टाकीत साठलेल्या हवेवर चालतो. टाकी लहान असेल तर अर्ध्या दारातच हवा संपते, फवाऱ्याची बंदूक रंग थुंकायला लागते आणि दारावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उठतात. "एचपी काय इचारतस? टाकी देखा. आनि एक मिनिटमा हवा कितली देस, ते इचारा." शिवाय तापीकाठची हवा ओली. ती टाकीत दाबली की पाणी होतं आणि ते रंगातून दारावर उडतं. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर घ्यायचा आणि टाकीखालचा कॉक रोज उघडून साठलेलं पाणी सोडायचं.

दुकानदाराने मशीन बदलून दिलं. नवा कॉम्प्रेसर घरच्या लाइनीवर चालणारा, दोन एचपीचा, पन्नास लिटर टाकीचा. भावाने नाक मुरडलं. मी तोंडाला रुमाल बांधून दोन दिवस त्याच्याच पपई भरायच्या कॅरेटांवर सराव केला. त्याची बारा कॅरेटं आकाशी झाली, तेव्हा कुठे हात बसला.

कपाट उंबरा न ओलांडता घरातल्याच ओसरीवर घेतलं. चाचा मुद्दाम आले होते. जुना हिरवा रंग वॉटर पेपरने पाणी लावून घासायचा होता आणि तो मान मीच घेतला. घासताना मनातल्या मनात स्वतःलाच घासत होतो म्हणा ना. अर्धं दार झालं असेल. हिरव्या पाण्यात एकदम लाल काहीतरी दिसलं. मी जोरात पुढचा हात मारणार, तोच चाचांनी माझं मनगट पकडलं.

"थांबा सर! अक्षर शेतस."

मी बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच आली. चाचांनी माझा पेपर टाकून झिजलेला बारीक पेपर पाण्यात बुडवला आणि बोटाच्या टोकाने हळूहळू हिरवा थर काढत गेले. तासाभराने सासऱ्यांचं नाव सगळं वर आलं. त्याखाली 'लाडक्या लेकीस' आलं. पुढचं 'सप्रेम भेट' मात्र मी आधीच घासून टाकलं होतं, तिथे पत्रा दिसत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. "मन्हं चुकनं," मी म्हणालो. पंधरा वर्षांनी.

चाचा म्हणाले, "ताई, तितलं मी लिखी देस. वळखू येवाव नही."

ती अक्षरांवरून नजर न काढता म्हणाली, "नको चाचा. बापनं नाव शे, लाडकी लेक शे. आखो काय पाह्यजे?"

अक्षरांवर कागद आणि टेप लावून मी बाकीचं कपाट रंगवलं. टाकीची हवा शेवटपर्यंत पुरली. ओघळ नाही, केस नाही. टेप काढल्यावर अक्षरांभोवती जुन्या आकाशीचा एक फिका चौकोन राहिला, तो तसाच ठेवला.

परवा भाऊ आला आणि त्याने सवयीने कॉम्प्रेसर कुठे आहे म्हणून विचारलं. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मशीन साडीच्या त्याच पडद्याखाली झाकलेलं होतं, धुऊन, नीट दोरी बांधून.

"वहिनी, मशीनले पडदा काबर?" त्याने विचारलं.

"धूळ बसस," ती म्हणाली, आणि त्याला हाताला धरून नाव वाचायला आत घेऊन गेली.