पंगतीतली प्रार्थना

केळीच्या पानावर गरम भात पडला की त्या वासाने मला तमिळनाडूतल्या तिरुवैयारुजवळचं चर्चचं उन्हाळी शिबिर आठवतं. मी तिथे वाढायच्या सेवेला होते आणि वाढणाऱ्यानेच पंगतीसाठी मोठ्याने प्रार्थना करायची, असा नियम होता. घरी ती नेहमी माझे वडील, अप्पाच करत, त्यामुळे माझा आवाज फुटेना. "अक्का, देवाला भूक नाही, आम्हाला आहे!" एक चिमुरडी तमिळमध्ये ओरडली आणि पंगत हसली. मीही हसले, डोळे मिटले आणि घरच्या मराठीत सुचतील तसे आभार मानले. मुलांना काही कळलं नसेल, पण 'आमेन' दणक्यात आलं. तोवर कॉलेजच्या प्रत्येक परीक्षेआधी मी अप्पांना फोन करून प्रार्थना करायला सांगायची. आता माझी मीच करते, आणि अप्पांसाठीही.