कुडातली कारवी

ज्याच्या घरात आजवर कोणी कागदावर एक ओळ लिहिली नाही, त्याने आठवणी लिहायला बसावे हे माझे मलाच अवघड वाटते. माझे वडील बाळकुमच्या मिठागरात काम करतात. मी अजून कॉलेजात शिकतो आहे, विद्वान झालेलो नाही. तेव्हा वाचणाऱ्याने हे धाडस पोटात घालावे. लिहितो आहे ते एका झाडासाठी आणि माझ्या मास्तरांसाठी.

मास्तर ठाण्याच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवीत. वनस्पतींचा विषय शाळेत नव्हताच, पण रविवारी ते आम्हा चार-दोन मुलांना घेऊन येऊरच्या डोंगरावर जात. एखाद्या झुडपापाशी थांबून विचारत, "काय पाहिलंस?" मी घाईने नाव सांगे.

"नाव तुझ्या आईनं सांगितलंय. तू काय पाहिलंस?"

मग मी पुन्हा वाकून बघे. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, देठाला लव आहे की नाही, हे मी त्यांच्या त्या प्रश्नामुळे बघायला शिकलो.

त्या वर्षी डोंगरावर कारवी फुलली होती. सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली बोंडे तडतड फुटत होती, तेव्हा मास्तरांनी आम्हाला बी गोळा करायला लावले. म्हणाले, "ही सात वर्षं मोजतं कोण? डोंगर मोजतो की बी मोजतं? खाली नेऊन लावू या. डोंगरासोबतच फुलली, तर घड्याळ बियात आहे."

तिघांनी रोपे लावली. कल्याणच्या मुलाची शेळ्यांनी खाल्ली. कोपरच्या मुलाने शेताच्या बांधावर लावलेली पाण्यात कुजली. माझी मात्र परसात वाढली, कारण आई त्यांना मासळी धुतलेले पाणी घाली. मास्तर ती पाहायला घरी येत. ते ओटीवर टेकत आणि आई आत अस्वस्थ होई. ब्राह्मणाला आपल्या घरचे पाणी कसे द्यायचे? मग ती माडावर कोणाला तरी चढवून शहाळे काढवी. ते पिऊन मास्तर कारवीपाशी उकिडवे बसत, तिची उंची आपल्या छत्रीशी ताडून बघत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एकदा म्हणाले, "ही खेप मला दिसेल. पुढची दिसायची नाही."

तेव्हापासून ती कारवी माझ्यासाठी नुसती रोपे उरली नाही. ती वेळेवर फुलायला हवी होती, आणि मास्तरांच्या डोळ्यांत उजेड असेतो फुलायला हवी होती.

मॅट्रिक होऊन मी पुण्याच्या कॉलेजात गेलो. फुलण्याचे साल एका वर्षावर आले असता उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो आणि हातपाय न धुता परसात गेलो. तिथे बुंधे तेवढे उरले होते.

"बा, कारवी कुठं गेली?"

वडिलांनी अभिमानाने स्वयंपाकघराचा नवा कूड दाखवला. काठ्यांवर लिंपलेले शेण अजून ओले होते. "सरल कशी वाढलीवती बघ. पावसाच्या आधी कूड बांधून घेतला."

"बा, ती कापायची नव्हती."

"मंग कशाला लावलीवतीस? मना वाटला, कुडालाच."

आमच्याकडे कारवी म्हणजे कुडाच्या काठ्या. ती फुलताना बघायची म्हणून कोणी परसात लावील, हे त्यांच्या मनात यावे तरी कसे? आणि त्यांना ते समजावून सांगायचे मला कधी सुचले नव्हते. आई म्हणाली, "पोराचा तोंड बघा. जसा काय माणूस कापलाव." वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

मी चालत टेंभी नाक्याजवळ मास्तरांच्या घरी गेलो. झाले ते सांगितले. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि ते इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी डोकावल्या.

"मुळं उपटली का?"

"नाही."

"मग सुतक कसलं धरलंस? डोंगरावरची कारवी लोक दर वर्षी कापतातच. पण कापलेली कारवी हिशोब विसरते, की बाकीच्यांसोबतच फुलते? मला ठाऊक नाही. तुला आहे?"

"नाही."

"पहिला प्रश्न माझा होता. हा तुझा. तुझ्या वडिलांनी दिलाय, सांभाळ. फुलली तरी कळव, नाही फुलली तरी कळव."

त्या दिवाळीत मास्तर पेन्शन घेऊन कोकणात आपल्या गावी गेले. पावसात बुंध्यांना फुटवे आल्याचे मी बघितले होते. वडिलांनी आपण होऊन भोवती काटेरी कुंपण घातले होते आणि ते म्हशीला तिकडे फिरकू देत नव्हते. मी पुण्याला परतलो. तिथे कॉलेजच्या पहिल्या वर्षातली दोन मुले रविवारी माझ्यासोबत पर्वतीच्या बाजूला येतात. त्यांनी एखादे नाव घेतले की माझ्याही तोंडून तोच प्रश्न निघतो, आणि मग मला संकोच वाटतो.

पुढच्या भाद्रपदात येऊरचा डोंगर निळा झाल्याचे ठाण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितले. परसातले कोणाला विचारणार? परीक्षेमुळे घरी जाता आले नाही. दिवाळी गेली. चंपाषष्ठीसाठी जेजुरीला निघालेला माझा मामा वाटेत माझ्या खोलीवर उतरला, तेव्हा कुठे बातमी आली. सुक्या बोंबलांच्या गाठोड्यात, फडक्यात गुंडाळलेला, वाळून चुरा होत आलेला कारवीचा तुरा होता.

"डोंगरावर फुलली तवाच परसात पन फुलली," मामा म्हणाला. "आन तुजा म्हातारा मास्तर आलाता. गलबतानं."

"त्यांना दिसलं?"

"डोले गेलंत त्याचं. पन जवल बसून एकेक फूल बोटानं चाचपला. उठायलाच तयार नाय. तुज्या आयनं शालं काढाया पोर माडावर धाडला, तर बोलला, शालं नको बाय, पानीच द्या."

मी तो तुरा हातात धरून बसलो होतो. मामा म्हणाला, "जाताना इचारलान, आता बी कोन पेरनार? तुजा बा बोलला, मी पेरतंय. आन तुज्या बानंच तुला सांगाया सांगलंय, कुडातली काय फुलली नाय."