हाकेला जाग येते

मी पुण्याला निघालो त्या दिवशी आईने मला उठवलं नाही. रोज पाचला हलवून जागं करणारी आई त्या सकाळी दाराशी नुसती बसून होती. एसटी आठची होती. स्टँडवर बाबा एवढंच म्हणाले, "तिकडं बोलाले लाजजो नको."

भंडाऱ्याकडच्या माणसाला ते किती अवघड, हे सदाशिव पेठेतल्या इंग्रजीच्या क्लासात कळलं. रोजच्या दिनक्रमावर बोलायचं होतं. मी डिक्शनरी चाळून गेलो होतो. उभा राहून म्हणालो, "माय मदर अराउजेस मी एव्हरी मॉर्निंग." वर्ग हसला. का, ते मला कळेना.

मॅडमनी चष्मा काढला. "हसून झालं असेल तर अवेकची तिन्ही रूपं सांगा," त्या हसणाऱ्यांना म्हणाल्या. कुणालाच येईनात. मग माझ्याकडे वळल्या. "अराउज म्हणजे जागं करणं, अर्थ बरोबर आहे तुमचा. पण हल्ली तो संशय, राग, वासना जागी होण्यासाठी वापरतात. झोपेतून उठवणाऱ्या आईला वेक अप पुरे."

शब्द समजला. पण आईचं नाव निघालं आणि लोक हसले, ते आत रुतून बसलं. कित्येक महिने वर्गात तोंड उघडलं नाही. उघडलं तेव्हा इंग्रजी सुधारलं होतं आणि मराठीही पुण्याची झाली होती. खराडीत नोकरी लागली, वारज्यात फ्लॅट झाला. फोनवर आई म्हणायची, "सायबावानी बोलतोस तू." मी हसून विषय बदलायचो.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा माझ्याकडे आले असताना बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आयसीयूत सोडलं. पलंगाशी लावलेल्या कागदावर लिहिलं होतं : ड्राउझी, अराउजेबल.

"काय लिवलं हाये?" आईने विचारलं.

"गुंगीत आहेत. पण हाक मारली तर जागे होतात."

"मंग मार ना हाक."

मी वाकलो. "बाबा, ऐकू येतंय का? डोळे उघडता का?" काही हललं नाही. पुन्हा म्हणालो. तरी नाही.

आईने मला बाजूला सारलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अवो, उठा न जी. पोराले कामावर जाचं हाये."

बाबांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांचा हात धरून बोलत सुटलो. काय बोललो आठवत नाही. नर्स वळून पाहत होती एवढं आठवतं, आणि ते सगळं आमच्या बोलीत होतं हेही.

बाबा पुढे पाच महिने जगले, वारज्यातच. त्या पाच महिन्यांत मी त्यांच्याशी पुणेरी मराठीतलं एक वाक्य बोललो नाही.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांना आपलं घर कुठलं म्हणून सांगावं, ते मला अजून नीट ठरवता येत नाही. बाबांनंतर आई माझ्याकडेच राहिली. गेल्या उन्हाळ्यात तिला गावी नेलं. तिने चार दिवस घर झाडलं, भांडी घासून पालथी घातली. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "घरी कवा जाता?"

आई स्वतःच्या ओसरीत उभी होती.

"आयतवारी," ती म्हणाली. मग बराच वेळ दाराच्या चौकटीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.